लेक बुद्धिबळ खेळते : मुलींच्या गटात घालू की खुल्या? (आणि रोहिणी खाडिलकरांबद्दल कुणी सांगेल का?)

मल्हारगंजकर
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे. लेक अकरा वर्षांची, सहावीत. दोन वर्षांपूर्वी तिच्या आजोबांनी माळ्यावरून जुना लाकडी पट काढला, एका हत्तीचं टोक तुटलेलं, एका प्याद्याच्या जागी सुपारी. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आठवड्यातून चार दिवस क्लास, रेटिंग (म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा) १४८०.

गेल्या रविवारी शहरातच स्पर्धा होती. नोंदणीच्या टेबलावरचे गृहस्थ अगदी आपुलकीने म्हणाले, "ताई, मुलींच्या गटात नाव घाला. सहाच मुली आहेत, ट्रॉफी पक्की." मी पेन उचललं तर हिने माझी बाही ओढली. "आई, तो चष्मेवाला खुल्या गटात आहे. मला त्याच्याशी खेळायचंय." चष्मेवाला म्हणजे क्लासमधला मुलगा, त्याने हिला चार वेळा हरवलंय. मी खुल्या गटात नाव घातलं.

सात फेऱ्यांत तीन गुण. चष्मेवाल्याशी गाठ पडलीच नाही. क्लासमध्ये जिला ही नेहमी हरवते ती मुलगी हातभर उंच ट्रॉफी घेऊन घरी गेली. रात्री सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या हातात आलेलं काढून घेतलंस." त्यांचंही खोटं नाही, परतताना रिक्षात लेक खिडकीकडे तोंड करून बसली होती.

पुढच्या महिन्यात तेरा वर्षांखालील राज्य निवड स्पर्धा आहे. दोन्ही गट एकाच वेळी, एकातच खेळता येतं. काय करू?

दुसरं असं की क्लासच्या सरांनी सांगितलं, रोहिणी खाडिलकर तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या होत्या. आम्हाला नुसतं नाव माहीत. कुणाला नीट माहिती असेल तर लिहा. लेकीला वाचून दाखवीन.

सराफा_रात्री_बारा
खुल्या गटात. आणि स्पर्धा संपली की थेट छप्पन दुकानला, आपल्या खाऊगल्लीत, नेऊन खोपरा पॅटिस. जिंकली तरी, हरली तरी. पोराला कळलं पाहिजे की पॅटिस निकालावर अवलंबून नसतं.

उलटा_घोडा
माझं मत वेगळं आहे, आणि ते पोळलेल्या बापाचं आहे.

माझी मुलगी आठव्या वर्षी खेळायला लागली. हात चांगला होता. मला वाटलं, मुलींच्या गटात खेळणं म्हणजे कमीपणा. दहाव्या वर्षापासून तिला फक्त खुल्या गटात घातलं. दोन वर्षं ती शेवटच्या पटांवर बसली. आजूबाजूला सगळे मुलगे, डबा खायला सोबत कुणी नाही. प्रत्येक वेळी गाडीत मी तिला "कुठे चुकलं" ते समजावत घरी आणायचो. बाराव्या वर्षी तिने घड्याळ पिशवीत घातलं आणि पिशवी कपाटात. आता ती कॉलेजात आहे, पटाला हात लावत नाही.

मुलींच्या गटात चार बक्षिसं मिळाली असती, दोन मैत्रिणी झाल्या असत्या, तर ती आजही खेळली असती असं मला वाटतं. ताई, ट्रॉफीला नावं ठेवू नका. अकराव्या वर्षी ट्रॉफी हे पेट्रोल असतं.

अडीच_घरं
ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो माझ्या फार जवळचा आहे. आता लोकमान्य नगरात असलो तरी १९७६ साली मी गिरगावात होतो, वय एकोणीस, आणि चाळीच्या जिन्यात रोज रात्री आमचा डाव रंगायचा. घरी 'नवाकाळ' यायचा. त्याचे संपादक नीळकंठ खाडिलकर, आणि त्यांच्या तिघी मुली म्हणजे वासंती, जयश्री, रोहिणी.

महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली १९७४ ला, बंगळूरला. ती वासंतीने जिंकली. आणि ती धरून पहिली दहा विजेतेपदं त्या एका घराबाहेर गेलीच नाहीत. वासंती एकदा, जयश्री चारदा, रोहिणी पाचदा. एका जेवणाच्या टेबलाभोवती दहा राष्ट्रीय विजेतेपदं! आणि जयश्री ही महिला इंटरनॅशनल मास्टर किताब मिळवणारी पहिली भारतीय, १९७९ साली.

रोहिणी सगळ्यांत धाकटी, जन्म १९६३ चा. १९७६ मध्ये तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली आणि सलग तीन वर्षं ते पद सोडलं नाही. पण तिचं नाव आमच्या जिन्यात गाजलं ते दुसऱ्या कारणाने. त्याच १९७६ साली ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. असं करणारी ती पहिलीच. त्यावर केवढं वादळ उठलं ते आज सांगून खरं वाटणार नाही. बायकांसाठी वेगळी स्पर्धा आहे, मग ही इथे कशाला, असा सूर होता. प्रकरण हायकोर्टात गेलं, निकाल खेळण्याच्या बाजूने लागला. जागतिक महासंघापर्यंत गोष्ट पोचली. तेव्हा अध्यक्ष होते डॉ. मॅक्स ऑयवे, म्हणजे १९३५ चे विश्वविजेते. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला.

आणि नुसती बसली नाही हं ती तिथे. तीन राज्यांच्या विजेत्यांना तिने हरवलं. तेरा वर्षांची मुलगी!

पुढे १९८० साली अर्जुन पुरस्कार. १९८१ ला हैदराबादला पहिली आशियाई महिला स्पर्धा झाली, ती तिने एकही डाव न गमावता जिंकली. १९८३ ला क्वालालंपूरला पुन्हा तीच. नंतर तिने मुद्रणाचं शिक्षण घेतलं आणि वर्तमानपत्राच्या कामात शिरली.

तुमच्या लेकीला एवढं मात्र नक्की सांगा : आज टेबलावरच्या माणसाने "मुलींच्या गटात घाला" असं सुचवलं, पण "खुल्या गटात घालता येणार नाही" असं तो म्हणू शकला नाही. त्याचं कारण १९७६ मध्ये आहे.

मल्हारगंजकर
काका, आत्ता वाचून दाखवलं. तिचा पहिला प्रश्न : "त्या तीन डावांत त्या पांढऱ्या होत्या की काळ्या?"

अडीच_घरं
हा प्रश्न विचारणारं पोर खेळणार. कुठल्याही गटात घाला.

उलटा_घोडा
अडीच_घरं काका, तुमचं लिहिणं वाचून अंगावर काटा आला. पण तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात. रोहिणीच्या घरात दोन मोठ्या बहिणी राष्ट्रीय पातळीच्या. वडील पाठीशी. पुरुषांच्या स्पर्धेत हरून घरी आली असती तरी तिच्यासमोर बसायला दोन माणसं होती. आणि तिने महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सोडली का? नाही. पाच वेळा जिंकली. तिचं नाव पुढे करून सगळ्या मुलींना खुल्या गटात ढकलणं मला पटत नाही.

अडीच_घरं
मान्य. हा कोन मी विसरलो होतो. त्या घरात सरावाला माणूस शोधायला बाहेर जावं लागत नव्हतं, आणि माझ्या मते निम्मी कारकीर्द तिथेच घडली असणार. त्या काळच्या खेळात तर ते फारच मोलाचं होतं. चाळीस खेळ्या झाल्या आणि वेळ संपली की डाव तहकूब व्हायचा. पुढची खेळी कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करून पंचाकडे द्यायची. मग रात्रभर तोच डाव मांडून बसायचं, त्याने लिफाफ्यात काय टाकलं असेल याचा घोर लावून घ्यायचा. कॉम्प्युटर नव्हता. समोर बसून "नाही गं, उंट इथे आला तर काय करशील?" असं विचारणारं जिवंत माणूस लागायचं.

विश्वामित्री
मी बडोद्याची. १९९० च्या आसपास खेळायचे, म्हणजे रोहिणीताईंच्या नंतरच्या पिढीतली. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं माझ्या अंगावरून गेलंय म्हणून लिहिते.

पहिली खुली स्पर्धा. एका शाळेचं सभागृह, ऐंशी-नव्वद खेळाडू, त्यात मुली दोन. जोड्यांचा कागद भिंतीवर लागला. माझ्या नावासमोर ज्याचं नाव होतं त्या मुलाचे वडील मागे उभे होते. ते मुलाला म्हणाले, "चलो, एक पॉइंट तो आ गया." मी तिथेच होते. तो डाव मी जिंकले असते तर गोष्ट छान झाली असती, पण हरले. हात थरथरत होता. हत्तीला बोट लागलं, हलवायचा होता घोडा. स्पर्श केला की ते मोहरं हलवावंच लागतं. हत्ती हलवला आणि डाव गेला.

मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह नव्हतं. तीन तास पाणी न पिता खेळायचं हे आम्ही दोघी आपोआप शिकलो.

पण "दोघी" हाच माझा मुद्दा. ती दुसरी मुलगी गुजराती, तिची आई थेपले आणायची. फेरी संपली की आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसून एकमेकींचे डाव लावायचो. पुढची सहा वर्षं आम्ही खुल्या गटात खेळलो ते एकमेकींच्या जिवावर. तिचं लग्न झालं, ती परगावी गेली, आणि वर्षभरात माझंही खेळणं थांबलं.

मल्हारगंजकर ताई, गट कुठला हे नंतर ठरवा. आधी तिला एक मैत्रीण शोधा.

उलटा_घोडा
विश्वामित्री ताई, शेवटचं वाक्य मी मुलीला पाठवलं.

हिशोबी
भावना बाजूला ठेवून जरा रेटिंगचा हिशोब मांडतो, कारण पालक इथेच घाबरतात.

लेक १४८०. वय अठराच्या आत, म्हणून तिच्यासाठी गुणक (मिळालेले गुण आणि अपेक्षित गुण यांच्या फरकाला ज्याने गुणायचं तो आकडा) ४०. समोर १६८० चा खेळाडू असेल तर फरक २००, तिच्याकडून अपेक्षित गुण ०.२४. म्हणजे
हरली तर : उणे ९.६
बरोबरी : अधिक १०.४
जिंकली तर : अधिक ३०.४

आता समोर १४०० ची मुलगी. फरक ८०, अपेक्षित गुण ०.६१.
जिंकली तर : अधिक १५.६
हरली तर : उणे २४.४

म्हणजे बलवान खेळाडूशी तीन डाव हरून एक जिंकला तरी नफ्यात. दुबळ्याशी एक हरला की दीड विजय धुऊन निघाले. लहान वयात, गुणक ४० आहे तोवर, वरच्यांशी खेळणं सगळ्यांत स्वस्त. आणि २०२४ पासून रेटिंगचा तळच १४०० केलाय, त्यामुळे खाली कोसळायची भीतीही तेवढी उरली नाही.

सराफा_रात्री_बारा
भिया, हा हिशोब माझ्या मास्तरांनी असा समजावला असता तर मी गणितात पास झालो असतो.

लष्करवाले
आम्ही ग्वाल्हेरचे. थोडं विषयांतर करतो, रागावू नका.

माझे आजोबा लष्करात (म्हणजे आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, फौजेत नव्हे) ओट्यावर देशी डाव खेळायचे. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) नाही, त्याऐवजी राजाला शह बसण्याआधी एकदा घोड्यासारखी उडी घ्यायची मुभा. आजीला सगळे डाव समजायचे, ती दारामागून बघायची. आजोबा अडकले की आतून बांगड्या वाजायच्या. गावातल्या लोकांनी शेवटी तक्रार केली म्हणे की हे दोघं मिळून खेळतात.

हे आठवायचं कारण म्हणजे मीर सुलतान खान. तोही असाच देशी नियमांवर वाढलेला. सर उमर हयात खानांच्या पदरी होता, ते त्याला विलायतेला घेऊन गेले आणि तिथे त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. हे पुष्कळांना माहीत असतं. पण त्याच घरात फातिमा नावाची एक मुलगी कामाला होती. १९३३ साली ब्रिटिश महिला अजिंक्यपद तिने जिंकलं! एका घरातले दोन चाकर, एकाच वर्षी दोन विजेतेपदं. सुलतान खानवर लोक पानंच्या पानं लिहितात आणि फातिमाला एक ओळ. तुमच्या लेकीला तीही गोष्ट सांगा.

अडीच_घरं
लष्करवाले, फातिमाची आठवण काढलीत, फार बरं वाटलं.

विषय आपल्या प्रांतावर आलाच आहे तर रफीक खान यांचं नावही इथे असू द्या. भोपाळचे, व्यवसायाने सुतार. १९८० च्या माल्टा ऑलिंपियाडमध्ये (देशोदेशीच्या संघांची बुद्धिबळ स्पर्धा) त्यांनी आपल्या पटावर रौप्यपदक मिळवलं. रंधा मारणाऱ्या हाताने! मध्य प्रदेशातल्या प्रत्येक बुद्धिबळ क्लासात त्यांचा फोटो हवा असं माझं मत आहे.

काळा_उंट
इंदुरातच शिकवतो, वीसेक मुलं आहेत, त्यात पाच मुली. धागा उशिरा पाहिला.

ताई, हा प्रश्न "किंवा"चा नाही. राज्य निवड ही वेगळी गोष्ट, वर्षभराच्या स्पर्धा वेगळ्या. निवड स्पर्धेतून राष्ट्रीय स्पर्धा, तिथून आशियाई आणि जागतिक वयोगट. मुलींच्या गटाची ती शिडी आहे, ती नाकारू नका. बाकी वर्षभर खुल्या स्पर्धा खेळवा. माझ्या पाचही मुलींना मी असंच खेळवतो.

मोठ्यांकडे बघा. युडिट पोल्गारने मुलींची वाट जवळजवळ सोडूनच दिली, १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, बॉबी फिशरचा विक्रम मोडून. पुढे जगात आठव्या क्रमांकापर्यंत गेली. हा एक रस्ता. कोनेरू हंपी १९९९ ला अहमदाबादच्या आशियाई युवा स्पर्धेत बारा वर्षांखालील मुलांच्या गटात खेळली आणि जिंकली, पण महिलांच्या स्पर्धाही खेळत राहिली. आणि आपली नागपूरची दिव्या देशमुख. २०२२ ला भुवनेश्वरला महिलांची राष्ट्रीय विजेती. २०२४ ला बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिलांना सुवर्ण, आणि तिला स्वतःच्या पटावरही सुवर्ण. २०२५ ला बातुमीला महिला विश्वचषक, अंतिम फेरीत समोर खुद्द हंपी. पहिले दोन डाव बरोबरीत, मग जलद डावांत निकाल, अडीच-दीड. त्या विजयासरशी ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी. महिलांच्या स्पर्धेतूनच ती दार उघडून गेली.

पटावरची_धूळ
काळा_उंट सर, आदर ठेवून असहमती. महिलांचे वेगळे किताब हीच मुळात अडचण आहे. महिला ग्रँडमास्टरला २३०० रेटिंग पुरतं, ग्रँडमास्टरला २५०० लागतं. मधले दोनशे गुण म्हणजे "तुझी उंची इथपर्यंत" असं लहानपणीच भिंतीवर खूण करून ठेवण्यासारखं. वजिराला बाई-पुरुष नसतो. पटावर काय फरक आहे?

विश्वामित्री
पटावर काहीच नाही. पटाच्या बाहेर आहे. रात्री अकराला फेरी संपल्यावर मुलगा स्टेशनवर झोपू शकतो, मुलगी नाही. मुलीसोबत एक मोठं माणूस जावं लागतं, म्हणजे तिकीट दोन, खोली एक, कुणाची तरी सुट्टी. महिला किताब आणि महिला बक्षिसं आहेत म्हणून हा खर्च घरात मांडता येतो. ते उद्या काढून टाकले तर आधी पन्नास मुली कमी होतील आणि मग आपण म्हणू की बघा, मुली येतच नाहीत.

पटावरची_धूळ
हे मला सुचलं नव्हतं. माझा विरोध किताबाला आहे, बक्षिसांना नाही, एवढं म्हणून थांबतो.

अडीच_घरं
एक मजेची गोष्ट सांगतो. आशियाई महिला स्पर्धा बघा. १९८१ आणि १९८३ रोहिणी खाडिलकर. १९८५ आणि १९८७ अनुपमा अभ्यंकर, म्हणजे पुढच्या अनुपमा गोखले. १९९१ भाग्यश्री साठे-ठिपसे, आणि ती स्पर्धा तर आपल्या भोपाळला झाली होती. पहिली पाचही विजेतेपदं मराठी घरांतली! अनुपमा आणि भाग्यश्री दोघींनी राष्ट्रीय विजेतेपदही पाच-पाचदा जिंकलं, दोघींना पद्मश्री. भाग्यश्रीचे यजमान प्रवीण ठिपसे सात वेळचे राष्ट्रीय विजेते. त्यांनी पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९८२ ला मिळवलं आणि ग्रँडमास्टर झाले १९९७ ला. पंधरा वर्षं! नॉर्मसाठी (किताबाकरता मोठ्या स्पर्धेत करून दाखवायची ठरावीक कामगिरी) परदेशी जावं लागायचं, तिकिटाचे पैसे कुठून आणणार. आज मुलं बाराव्या-तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर होतात ते कौतुकाचं आहेच, पण या माणसांनी पंधरा वर्षं तग धरला हे मला जास्त मोठं वाटतं.

मल्हारगंजकर
सगळ्यांचे मनापासून आभार. रोज रात्री जेवणानंतर धागा वाचतो आम्ही दोघी, आता सासूबाईही येऊन बसतात. फातिमाची गोष्ट त्यांना दोनदा वाचून दाखवावी लागली.

काळा_उंट सर, एक विचारायचं होतं. त्या रविवारचा शेवटचा डाव. हिचं एक प्यादं जास्त होतं, शेवटी फक्त राजे आणि हिचं ते प्यादं उरलं. सगळे म्हणाले जिंकलेला डाव, आणि झाली बरोबरी. कागदावरून उतरवते (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा). हिचा राजा ई चार, प्यादं ई तीन, त्याचा राजा ई सहा, खेळी हिची. कुठे चुकलं?

काळा_उंट
या स्थितीत काहीच चुकलं नाही, इथे बरोबरीच आहे. चूक आधी झाली. विचारा तिला, प्यादं ई तीनवर कधी ढकललं?

मल्हारगंजकर
तीन खेळ्या आधी. म्हणते, "लवकर वजीर करायचा होता."

काळा_उंट
तेच. प्यादं ई दोनवरच राहू द्यायचं आणि राजाला पुढे पाठवायचं. हिचा राजा ई चार, त्याचा ई सहा, दोघे समोरासमोर, मध्ये एक घर. जो हलेल तो वाट सोडेल. आता खेळी हिची असली तरी हिच्याकडे एक शिल्लक चाल आहे, प्यादं ई दोनवरून ई तीन, फक्त एकच घर. मग हलायची पाळी त्याची. तो बाजूला झाला की हिचा राजा दुसऱ्या बाजूने पुढे घुसतो. हिने ती शिल्लक चाल तीन खेळ्या आधीच खर्च केली.

घरी पट मांडा. तुम्ही काळा राजा घ्या, तिला दहा वेळा जिंकू द्या. मग बाजू बदला.

मल्हारगंजकर
मांडला. मी सहा वेळा हरले. सातव्यांदा सासूबाई बसल्या काळा राजा घेऊन.

लष्करवाले
बांगड्या वाजल्या का?

मल्हारगंजकर
(सव्वा महिन्यानंतर)

धागा वर काढते, कारण सांगायचं राहिलं होतं.

राज्य निवड स्पर्धेत तिला मुलींच्या गटात घातलं. तिलाच विचारलं. रोहिणीताई दोन्हीकडे खेळल्या, मग मीही दोन्हीकडे, असं तिचं म्हणणं पडलं. निवड झाली नाही. अर्ध्या गुणाने हुकली. शेवटच्या फेरीत बरोबरी पुरली नाही, जिंकायलाच हवं होतं, आणि तिने ओढून-ताणून डाव लांबवला, पावणेचार तास. सभागृह रिकामं झालं होतं, झाडूवाला खुर्च्या रचत होता आणि ह्या दोघी अजून पटावर. समोरची मुलगी ग्वाल्हेरची. डाव संपल्यावर दोघी हात मिळवून थेट बाहेर जिन्यात जाऊन बसल्या आणि परत पहिल्यापासून तोच डाव लावायला लागल्या. मी आणि त्या मुलीची आई वर उभ्या. त्यांनी डब्यातली गूळपोळी पुढे केली. विश्वामित्री ताई, मला तुमचे थेपले आठवले आणि डोळे भरून आले.

आता रोज संध्याकाळी साडेसहाला दोघी ऑनलाइन खेळतात. दिवाळीनंतरच्या स्पर्धेला दोघींची नावं खुल्या गटात घातली आहेत. ग्वाल्हेरहून ती आणि तिची आई येतील, उतरायला आमच्याकडेच. सासूबाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय की सकाळी पोहे करू नका, जड होतात, डाव सुस्तावतो.

चष्मेवाल्याशी अजून गाठ पडलेली नाही. तोही येणार आहे.

उलटा_घोडा
ताई, फार आनंद झाला. माझ्याकडचीही बातमी सांगतो. गेल्या रविवारी मुलगी घरी आली होती. पट काढला नाही. पण जेवताना म्हणाली, "बाबा, ते थेपल्यांवालं वाक्य परत पाठवा, माझ्याकडून डिलीट झालं."

विश्वामित्री
तिला माझा नंबर हवा असेल तर व्यक्तिगत निरोपातून विचारा. मीही पंचवीस वर्षांनी पट काढलाय.

सराफा_रात्री_बारा
दिवाळीनंतरच्या स्पर्धेला मी येतोय. खेळायला नाही, पॅटिस घेऊन. किती आणू, आकडा सांगा.

अडीच_घरं
ताई, अर्ध्या गुणाचं दुःख असू द्या, ते उपयोगाला येतं. पण पावणेचार तासांचा डाव आणि तुम्ही एकही खेळी लिहिली नाहीत? कागदाचा फोटो टाका. मला बघायचंय की जिंकायलाच हवं होतं तेव्हा तिने वजीर पटावर ठेवला होता की मारामारी करून टाकली.